कोण बोललं?

सुमनअक्कांसमोर कुठलंही विधान सुखासुखी करायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात की कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा फार चांगला असतो, की त्या चष्म्यावरून बघत विचारणार, "कोण बोललं?" तुम्ही एखाद्याचं नाव सांगितलंत, की दुसरा प्रश्न तयारच असायचा. "त्याचं हॉटेलवाल्याशी नातं काय?" बिचाऱ्याचं नातं नसायचं. पण तेवढं सिद्ध करेपर्यंत चहा प्यायची इच्छा मरून जायची.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. त्या वर्षांत हैदराबादेत रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि तिच्यात भरायला पुण्या-मुंबईहून आमच्यासारखी माणसं आणली जात होती. रविवारी करायला काही नसायचं, म्हणून नल्लकुंट्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलवर गेलो. तिथे ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी लेख कसे लिहायचे याचा वर्ग चालतो असं ऐकलं होतं. मला वाटलं, शिकवणारा कोणी माझ्याच वयाचा असेल. समोर सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या, बारीक चणीच्या एक बाई बसल्या होत्या. सराव म्हणून काहीतरी लिही म्हणाल्या. मी झोकात टाइप केलं, 'पुण्याची मराठी ही सर्वांत शुद्ध मराठी मानली जाते.'

"कोण बोललं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कुठले? पुण्यातले?"

"हो."

"मग ते घरचेच झाले की," अक्का म्हणाल्या. "घरच्यांचं धरायचं नाही. पूस ते."

मी पुसलं. तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारायच्या बंद झाल्या आणि मी 'पुणेकर' झालो, तो शेवटपर्यंत.

अक्कांचं घराणं मूळ परभणीकडचं, शेती करणारं, पण त्यांचा जन्म हैदराबादचाच. निजामाचं राज्य असेपर्यंत त्या उर्दू शाळेत शिकल्या, मग मराठी शाळेत आल्या आणि पुढे सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. 'कोण बोललं?' हा प्रश्न तिथूनच आलेला. "फोन कोणीही उचलायचं रे," त्या सांगत. "नाव विचारल्याशिवाय लाइन जोडली, की एका घरची सोयरीक दुसऱ्याच घरी कळायची." अशी एक सोयरीक त्यांनी स्वतः चुकीच्या घरी कळवली होती म्हणे. ती मोडली की जमली हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर भाच्याने कॉम्प्युटर दिला. इतरांनी त्यावर पत्ते खेळले असते. अक्कांना ज्ञानकोश सापडला, आणि जन्मभर जे काम पगारासाठी केलं ते त्या फुकट करू लागल्या.

नवशिक्यांना नियम समजावण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. ज्ञानकोशाच्या मदतपानांवर 'उल्लेखनीयता', 'स्वतंत्र दुय्यम स्रोत' असले शब्द असतात. ते वाचून आमच्या वर्गातली माणसं गार पडायची. अक्का म्हणायच्या, "काही अवघड नाही. दोन परक्यांनी, न सांगता, छापून बोललं पाहिजे. बस." दोन का, तर एकटा चुकू शकतो. परक्यांनी का, तर घरचे कौतुकच करणार. न सांगता का, तर जाहिरातही छापलेलीच असते. एवढ्यात सगळा नियम आला. मी नंतर ती मदतपानं पुष्कळ वाचली, पण याच्याबाहेरचं फारसं काही मिळालं नाही.

मलकपेठेतले एक गृहस्थ वर्गाला येत. त्यांनी आपल्या सासऱ्यांवर मोठा लेख लिहिला. सासरे त्यात 'थोर समाजसेवक' होते, 'सुप्रसिद्ध दानशूर' होते आणि 'गोरगरिबांचे कैवारी' तर होतेच. अक्कांनी शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "कोण बोललं?"

"अहो अक्का, सारं मलकपेठ बोलतं."

"मग मलकपेठेला छापायला सांगा. छापलं, की आणा."

गृहस्थ रागावून गेले. पुढच्या रविवारी परत आले, कारण अक्कांनी स्वतः फोन करून त्यांना बोलावलं होतं आणि त्यांच्या बायकोला आवडेल असा डबाभर सुशीला करून ठेवला होता. सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा एक फोडणीचा प्रकार. मला ते माहीत नव्हतं. "सुशीला घेऊन जा घरी," असं त्या गृहस्थांना म्हणाल्या तेव्हा मी जरा दचकलोच होतो.

हैदराबादच्या मराठीतला एक शब्द मात्र अक्कांना वर्गात कायमचा त्रास द्यायचा. तो म्हणजे 'परवा'. इथल्या दखनी बोलीत 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, मग तो मागच्या आठवड्यातला असो की आपल्या जन्माआधीचा. तोच अर्थ इथल्या मराठीने उचलला. प्रणिता नावाची एक मुलगी वर्गात होती. इथेच वाढलेली, बँकेत नोकरी करणारी, मराठी भराभर बोलणारी आणि अडखळत वाचणारी. तिने एका जुन्या विहिरीवर लिहिलं, 'ही विहीर परवा बुजवली.' दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातून कोणा संपादकाने कळवळून विचारलं, की इतकी जुनी विहीर या आठवड्यात बुजवली, तर वर्तमानपत्रात कसं नाही? विहीर बुजवली तेव्हा प्रणिता पाळण्यात होती.

"परवा घरात बोलायचं," अक्कांनी तिला बजावलं. "ज्ञानकोशात साल लिहायचं."

याच प्रणिताने पुढे तो लेख लिहिला, ज्याच्यामुळे मी अक्कांवर एवढं लिहितो आहे. लेख होता हैदराबादच्या मराठी मुलींच्या एका खो-खो संघावर. पुष्कळ वर्षांपूर्वी नल्लकुंट्याजवळच्या मैदानावर या मुली काष्टा घालून खेळायच्या. पाहायला येणाऱ्यांत कौतुक करणारे थोडे आणि नावं ठेवणारे फार. त्या थेट इंदूरला जाऊन तिथली स्पर्धा जिंकून आल्या. मैदानावर आता अपार्टमेंट आहे आणि संघातल्या बहुतेक जणी वारल्या. कर्णधार लीलाबाई तेवढ्या मलकपेठेत होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. प्रणिता त्यांची नात. आजीला दाखवायचं म्हणून तिने लेख लिहिला, आणि आजी रोज विचारू लागली, "आलं का गं आमचं कॉम्प्युटरात?"

आलं, आणि लगेच खो घातला गेला. एका जुन्याजाणत्या संपादकाने लेखावर पाटी लावली की विषयाची उल्लेखनीयता दिसत नाही, आठवड्यात स्रोत न दिल्यास पान वगळावं. स्रोत म्हणून प्रणिताने मंडळाची स्मरणिका दिली होती. मंडळाच्याच मुलींबद्दल मंडळाने काढलेली.

वर्गात सगळे त्या संपादकावर तुटून पडले. महाराष्ट्रातल्या लोकांना आपली किंमत नाही वगैरे. मीही महाराष्ट्रातलाच, त्यामुळे काही वाग्बाण माझ्याकडेही आले. अक्कांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तो बरोबर बोलायलाय. पुरावा कुठाय?"

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, तुम्ही तर स्वतः खेळायच्या त्या संघात. तुम्ही लिहा ना तिथं, की हे खरं आहे म्हणून."

हे मला नवीन होतं. अक्कांनी वर्षभरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"म्हणूनच नाही लिहायची," अक्का म्हणाल्या. "मी घरची. तू नात, तू पण घरची. आपल्या दोघींचं धरायचं नाही."

मला त्या क्षणी अक्कांचा राग आला, खोटं कशाला सांगू. मैत्रीण तिकडे अंथरुणावर वाट बघते आहे, आणि या बाई नियम सांगत बसल्या आहेत. पण मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुणेकर, तू परका आहेस. तुझं इथं कोणी नाही. तूच शोध." हैदराबादेत आल्यापासून परकेपणाचा उपयोग मला प्रथमच होत होता.

कुठे शोधायचं तेही त्यांनीच सांगितलं. मी मराठी नियतकालिकं चाळून आलो होतो, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्याही झाल्या होत्या. अक्का म्हणाल्या, "अरे, त्या टायमाला गावाचं बोलणं उर्दूत छापायचं. मराठीत कोण छापत होतं आमचं?" नामपल्लीत एका जुन्या वाचनालयात उर्दू वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार फाइलींमध्ये चिकटवून ठेवलेली होती. मला उर्दूचं अलिफसुद्धा येत नव्हतं, म्हणून सुटी काढून अक्कांना आणि प्रणिताला घेऊन गेलो. जाताना रिक्षातच अक्कांनी ठरवून टाकलं, "वाचणार तिथला माणूस. मी तोंड उघडायची नाही."

तिथला माणूस म्हणजे सलीमसाब. पांढरी दाढी, पांढरा कुडता, आणि कात्रणांवर पोटच्या पोरांसारखा जीव. त्यांनी खेळांच्या फाइली काढल्या. क्रिकेट होतं, हॉकी होती, फुटबॉल होता, मलकपेठच्या घोड्यांच्या शर्यती तर कपाटभर होत्या. एकूण एक घोड्याची नोंद होती आणि आमच्या मुलींचा पत्ता नव्हता. दुपारपर्यंत आम्ही तिघंही हिरमुसलो. पाटीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"खो-खो बोले तो क्या होता अम्मा?" सलीमसाबांनी सहज विचारलं. "हम कभी देखे नहीं."

तोंड उघडायचं नाही हे अक्का विसरल्या. खुर्चीवरून उठल्या, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "बस खाली. उकिडवा. तोंड खिडकीकडं. प्रणिता, तू त्याच्या शेजारी, तोंड दाराकडं." आम्ही बसलो. वाचनालयातल्या दोघाचौघांनी पेपर खाली केले. सलीमसाब "नक्को अम्मा, गिर जाते आप" म्हणत पुढे आले, तोवर अक्का लाकडी कपाटाला वळसा घालून अशा काही वेगाने आल्या की मी नुसता बघत राहिलो. पाठीवर सणसणीत थाप बसली आणि कानाशी आवाज झाला, "खो!"

मी बसूनच.

"ऊठ की मेल्या, खो दिला ना. पळ!"

मी उठलो, धावलो आणि घोड्यांच्या फाइलींवर जाऊन आदळलो. अक्का माझ्या जागी उकिडव्या बसल्या होत्या, धाप लागलेली, पण तोंड बरोबर प्रणिताच्या उलट दिशेला आणि टाच उचललेली. सत्तरीनंतर ती बैठक उसनी आणता येत नाही. त्यांना तशी बघून माझा सगळा राग गेला.

वाचनालयातले लोक हसत होते. सलीमसाब मात्र हसत नव्हते. ते पुटपुटत होते, "खो... खो..." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. कहीं वो गुमशुदा में तो नहीं डाल दिए?"

गुमशुदा म्हणजे हरवलेल्या माणसांची फाइल. ती वेगळ्याच कपाटात, तळाशी होती. सलीमसाबांनी पानं उलटली आणि एका कात्रणावर बोट ठेवलं. मथळा दोन ओळींत होता. पहिली ओळ, 'हैदराबाद की मराठी लडकियां खो'. दुसरी ओळ, 'खो में अव्वल'. उर्दूत 'खो' म्हणजे हरवणं, आणि अक्षरंही तीच. फार पूर्वी कोणा कापणाऱ्याने घाईत पहिली ओळ वाचली, मुली हरवल्या असं समजला आणि दुसरी ओळ न वाचता चिकटवून मोकळा झाला. इंदूर जिंकून आलेला संघ तेव्हापासून पळून गेलेल्या पोरांच्या आणि वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांच्या मधोमध बसलेला होता.

"एकच झालं," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दुसरा कोण बोललं?"

सलीमसाबांनी पान उलटलं. मागच्याच बाजूला दुसऱ्या एका वर्तमानपत्राचं कात्रण होतं, 'खो खो वाली लडकियां वापस पहुंच गईं'. कापणाऱ्याला वाटलं असणार, बरं झालं, सापडल्या एकदाच्या. त्याने इमानदारीने ते त्याच प्रकरणाला जोडून ठेवलं होतं. नामपल्ली स्टेशनवर संघाच्या स्वागताला गर्दी झाली, हार घातले, बँड होता, असं त्यात होतं. दोन वेगळी वर्तमानपत्रं, दोन्ही परकी, आणि कोणी सांगितल्याशिवाय छापलेलं. मी आणि प्रणिता तिथल्या तिथे एकमेकांना टाळ्या देत होतो.

सलीमसाब वाचू लागले, मी देवनागरीत उतरवू लागलो. कर्णधार मिस लीला यांचं नाव आलं. मग ते अडखळले. "सबसे तेज दौडीं मिस... समन? समन तो कोर्ट का होता. ये कैसा नाम है?"

उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. नुसतं स, म, न. मी लिहायला लागलो, 'सुमन'.

"कोण बोललं?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, तुम्हीच ना त्या?"

"मी घरची. छापलंय तेवढंच लिही."

मी हात आखडता घेतला आणि 'समन' लिहिलं. लिहिताना जिवावर आलं. सलीमसाबांनी दुसरं कात्रण डोळ्यांशी नेलं, मग चष्मा पुसून पुन्हा नेलं. "ठैरो मियां. इसमें कातिब ने पेश लगाया है." पेश म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची उकाराची बारीक खूण. ती सहसा कोणी देत नाही. हाताने पेपर लिहून काढणाऱ्या कोणा कसबी कातिबाने, मुलीचं नाव नीट वाचलं जावं म्हणून, ती आवर्जून दिली होती. "सुमन," सलीमसाबांनी मोठ्याने वाचलं. "मिस सुमन." मग अक्कांकडे वळून म्हणाले, "इत्ते बरस गुमशुदा थे अम्मा आप. आज मिल गए."

अक्का उठल्या. पदर कमरेला तसाच खोचलेला होता. त्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता लिही."

त्या संध्याकाळी मी दोन्ही स्रोत पानावर टाकले आणि कात्रणांचे फोटो चर्चेत जोडले. ज्याने पाटी लावली होती त्यानेच ती सकाळी काढली आणि खाली लिहिलं, 'विषय निःसंशय उल्लेखनीय. असे स्रोत शोधणाऱ्यांना नमस्कार.' प्रणिताने ते वाक्य तीनदा वाचलं, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. अक्कांनी एकदाच वाचलं. "बघ," म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. मी बोलले नव्हते?"

त्याच दिवशी आम्ही मलकपेठेला लीलाबाईंकडे गेलो. प्रणिताने लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि पान वाचून दाखवलं. लीलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "ते राहिलं की. शेवटच्या डावात मी पायाला लागलेलं असताना तिघींना बाद केलं, ते?"

"कोण बोललं?" अक्का.

"मी बोलायले."

"तू घरची. तुझं धरायचं नाही."

"आणि तू कोण गं? तू पण तिथंच होतीस. खोटं बोलायले का मी?"

"खरं बोलायलीस," अक्का म्हणाल्या. "तिघींना बाद केलंस. मी बघितलंय." आणि त्यांनी लीलाबाईंच्या पायावर हात ठेवला. "पण ज्ञानकोशात नक्को. हे आपल्यातच राहू दे."

लीलाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढे त्यांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पान वाचावं लागे, आणि वाचून झाल्यावर शेवटच्या डावाची गोष्ट त्या तोंडी सांगत. ते पान आजही आहे. पुढे एका तेलुगू लेखकाने शहरातल्या खेळांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात आमच्या मुलींचं एक प्रकरण आलं. म्हणजे आता तिसरा परकाही बोलला.

अक्का परवा गेल्या. हैदराबादी परवा. मंडळात शोकसभा झाली. मलकपेठेचे ते गृहस्थ उठले आणि म्हणाले की सुमनअक्का थोर होत्या, त्यांच्यावर ज्ञानकोशात लेख झालाच पाहिजे. हॉलमध्ये मागे कुठेतरी प्रणिता बसली होती. तिने बसल्या जागेवरून, हलक्या आवाजात विचारलं, "कोण बोललं?" सगळा हॉल हसला आणि रडलाही. लेख आम्ही लिहिला नाही. आम्ही सगळे घरचे. म्हणून मी हे इथे लिहितो आहे, जिथे घरच्यांना बोलायची मुभा असते.

सभेनंतर नामपल्लीला जाऊन मी सलीमसाबांना सांगितलं. "कब?" त्यांनी विचारलं. "परसों," मी म्हणालो, आणि त्यांनी कुठला परसों ते विचारलं नाही. मग तळाच्या कपाटातून ती फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. कात्रणं खेळांच्या फाइलीत हलवायला अक्कांनीच मनाई केली होती. ज्ञानकोशातल्या पानावर जो पत्ता दिलाय तिथंच ती राहिली पाहिजेत, शोधत येणाऱ्याला सापडली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. फाइलीच्या पुठ्ठ्यावर जुन्या शाईत मोठं 'गुमशुदा' लिहिलेलं होतं. त्याच्याखाली, नव्या शाईत, सलीमसाबांच्या अक्षरात आणखी काहीतरी होतं. मला अजून उर्दू वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं.

"मिल गईं."